जुन्या लेथवर फिनिश येत नाही? आधी टूल, मग पकड, शेवटी मशीन

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर असो, भोसरी असो की नाशिकचे सातपूर, छोट्या गाळ्यात काम सुरू करणाऱ्याच्या वाट्याला पहिला लेथ बहुधा जुनाच येतो. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा एंटरप्राइझ, एचएमटीचा एलबी किंवा एच २२, नाहीतर बटाला-राजकोटकडचा साधा कोन पुलीचा, म्हणजे पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवून स्पीड बदलायचा. मशीन चालते, कट घेते, पण जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, रेघा, खवले नाहीतर लाटा उमटतात. मग शेजारचा कोणीतरी "बेअरिंग गेलंय" असे सांगतो आणि हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य दांडा) बसलेला डावीकडचा डबा, उघडला जातो.

घाई इथेच होते. खराब फिनिशचे कारण बहुतेक वेळा टूलच्या टोकापाशी किंवा टूल-जॉबच्या पकडीत असते, स्पिंडलमध्ये क्वचितच. म्हणून खालचा क्रम सोडू नका. स्वस्त आणि सोपी तपासणी आधी आहे, खर्चिक शेवटी. आणखी एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच टेस्ट कट घ्या. टूल, स्पीड आणि जिब (स्लाइडची ढिलाई घालवणारी पट्टी) एकदम बदललेत तर फिनिश सुधारले तरी कशामुळे ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

काय काय जवळ हवे

- ०.०१ मिमीचा डायल इंडिकेटर आणि मॅग्नेटिक स्टँड
- एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलबिट, १० किंवा १२ मिमी चौरस
- बारीक दाण्याचा ऑइल स्टोन
- १० पटीचे भिंग
- फीलर गेज, स्टीलची १५० मिमी पट्टी, मार्कर पेन
- टूलखाली घालायला सपाट पत्र्याची पॅकिंग, ०.१ पासून २ मिमीपर्यंत
- कटिंग ऑइल आणि छोटा ब्रश
- २५ मिमी व्यासाचा ईएन१ए बार, साधारण ३०० मिमी. जमल्यास पितळेचा एक तुकडा
- मशीनचे मॅन्युअल असल्यास ते. नसेल तर स्पीड-फीडच्या पट्ट्यांचे फोटो, मोटरच्या नेमप्लेटचा फोटो आणि ऑइलिंगच्या जागांची यादी स्वतः करून गाळ्यात लावा

ईएन१ए मुद्दाम सांगितला आहे. हे फ्री कटिंग स्टील आहे, चिप तुटून पडते आणि फिनिश सहज येते. नवशिका माणूस सरावाला भंगारातली सळई किंवा बांधकामाचा टीएमटीचा तुकडा घेतो आणि दोष मशीनला देतो. साधे कमर्शियल एमएस (माइल्ड स्टील) मऊ आणि चिकट असते, ते फाटतेच. ईएन१ए आणि पितळ दोन्हींवर फिनिश चांगले येत असेल तर मशीन ठीक आहे. मग पायरी २ ते ४ वरच लक्ष द्या.

१. आधी खुणा वाचा

ईएन१एचा तुकडा चकाबाहेर (चक म्हणजे जॉब धरून फिरवणारी पकड) ६० मिमी ठेवून धरा. एचएसएस टूल, ३५० ते ४०० आरपीएम, ०.३ मिमी कट, ०.१ मिमी फीड (एका फेऱ्यात टूल सरकते ते अंतर) आणि ब्रशने कटिंग ऑइल. फीडचा तक्ता इंचात असेल तर ०.००४ इंच म्हणजे ०.१ मिमी धरा. ३०-४० मिमी लांबी टर्न करा, मशीन थांबवा आणि भिंगातून पाहा.

बारीक, एकसारखा, आट्यासारखा पोत दिसतो आणि दोन रेघांमधले अंतर फीडइतकेच आहे: फीड जास्त आहे किंवा टूलचे टोक फार टोकदार आहे. मशीनचा दोष नाही.

पृष्ठभाग फाटलेला, खवल्यांचा, बोट फिरवले की खरखरीत: टूल बोथट आहे, त्याच्या टोकावर जॉबचेच धातू चिकटते आहे, किंवा मटेरियलच तसे आहे.

चमकत्या लाटा, जॉबच्या लांबीत उभ्या किंवा तिरप्या, सोबत किंचाळल्यासारखा आवाज: हे चॅटर. कुठेतरी पकड ढिली आहे किंवा काहीतरी गरजेपेक्षा लांब बाहेर आले आहे.

दर काही मिलिमीटरवर पट्टे, फीडपेक्षा बरेच मोठे अंतर: फीडच्या साखळीत दोष. हे अंतर पट्टीने नीट मोजा. ६ मिमी पिचच्या लीड स्क्रूवर (सॅडल, म्हणजे टूल वाहणारी गाडी, सरकवणारा लांब स्क्रू) दर ६ मिमीला पट्टा येत असेल तर स्क्रू वाकला आहे किंवा हाफ नट (त्या स्क्रूला पकडणारा दुभंगलेला नट) त्याला ओढतो आहे. वेगळा फीड रॉड असलेल्या मशीनवर पट्ट्याचे अंतर रॅकच्या (बेडलगतच्या दातेरी पट्टीच्या) दात्याशी जुळते का पाहा. २ मॉड्यूलच्या रॅकचा दाता ६.२८ मिमीला येतो, म्हणजे लीड स्क्रूच्या ६ मिमीच्या इतका जवळ की दहा पट्ट्यांचे अंतर एकदम मोजल्याशिवाय फरक कळत नाही.

खूण कोणत्या प्रकारची ते टेस्ट पीसवरच मार्करने लिहून तो जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक बदलानंतरचा तुकडा त्याच्या शेजारी ठेवून तुलना करायची आहे.

२. टूलची धार

सर्वात जास्त वेळ इथे द्या. निम्म्याहून जास्त तक्रारी याच पायरीवर संपतात.

एमएससाठी एचएसएस टूल घासताना पुढचा आणि बाजूचा क्लिअरन्स (टूल जॉबला घासू नये म्हणून धारेखाली दिलेला उतार) ८ ते १० अंश, साइड रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) १२ ते १५ अंश ठेवा. पितळ आणि गनमेटलला रेक शून्य, नाहीतर टूल आत ओढले जाते. बिडाला ५ अंशांच्या आसपास पुरतो. ॲल्युमिनियमला रेक भरपूर द्या आणि धारेवर रॉकेल सोडा. बीड आणि पितळ कोरडेच कापा.

ग्राइंडरवरून उतरलेली धार ही अर्धी धार. ग्राइंडिंग व्हीलच्या रेघा धारेपर्यंत येऊन तिला करवतीसारखी दातेरी करतात आणि हे दाते जसेच्या तसे जॉबवर उमटतात. ऑइल स्टोन हातात धरून पुढची, बाजूची आणि वरची अशा तिन्ही बाजू धारेलगत चकचकीत होईपर्यंत घासा. टोकाला ०.५ ते ०.८ मिमीची गोलाई स्टोननेच काढा. उजेडात धार धरून पाहा. धारेवर पांढरी रेघ चमकली तर ती बोथट आहे. चांगली धार दिसत नाही.

कार्बाइडबद्दल, म्हणजे एचएसएसहून कठीण टूलबद्दल, तीन गोष्टी. ब्रेझ्ड टिप (दांड्यावर कायमचा जोडलेला कार्बाइडचा तुकडा) करड्या व्हीलवर घासू नका, धार तडकते. तिला हिरवे सिलिकॉन कार्बाइड व्हील लागते. ग्रेड पाहून घ्या: पी३० स्टीलसाठी, के२० बीड आणि पितळेसाठी. दुकानदार देईल तो टिप बसवून स्टील कापू नका. आणि साध्या मोल्डेड इन्सर्टची (स्क्रूने बसवायच्या, बदलता येणाऱ्या टिपची) धार मुद्दाम किंचित गोल केलेली असते. तिच्याने ०.०५ मिमीचा फिनिशिंग कट घ्यायला गेलात तर ती कापत नाही, घासते. फिनिशिंगला किमान ०.२ ते ०.२५ मिमी कट ठेवा, नाहीतर ॲल्युमिनियमसाठी मिळणारे ग्राइंड केलेले, धारदार, बिनकोटिंगचे इन्सर्ट घ्या. ते कमी ताकदीच्या जुन्या मशीनवर स्टीललाही छान चालतात, फक्त रफ कटाला वापरू नका.

३. टूलची उंची आणि पकड

टूलचे टोक बरोबर सेंटरवर हवे. सगळ्यात सोपी पारख: जॉब आणि टूलच्या टोकामध्ये स्टीलची पट्टी हलक्या हाताने दाबून धरा, अर्थात मशीन बंद असताना. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. तिचे वरचे टोक तुमच्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे.

हा फरक किती महागात पडतो ते आकड्यात पाहा. २० मिमी जॉबवर टूल ०.५ मिमी वर बसले तर क्लिअरन्सचे जवळजवळ ३ अंश गेले. १० मिमी जॉबवर तेवढ्याच चुकीने ६ अंश जातात. ८ अंश घासलेल्या टूलला मग २ अंश उरतात, ते कापायच्या ऐवजी जॉबला घासत राहते आणि तुम्ही बेअरिंग शोधत बसता.

टूल बाहेर किती? शँकच्या (टूलच्या दांड्याच्या) उंचीच्या दीडपट, त्याहून जास्त नाही. १२ मिमीचे टूल १८ मिमी. पॅकिंग कमीत कमी तुकड्यांची आणि टूलपोस्टच्या काठापर्यंत पुढे आलेली हवी. पॅकिंग मागे राहिली तर टूलचा लोंबता भाग वाढतो. हॅकसॉ ब्लेडचे तुकडे पॅकिंगला सर्रास वापरतात, पण दाते घासून टाकल्याशिवाय नको, कारण दातांच्या वळणामुळे टूल पूर्ण टेकत नाही. टूलपोस्ट उचलून खालची चिप आणि बर साफ करा. इतकी साधी गोष्ट महिनोन्महिने कोणी करत नाही.

४. स्पीड, फीड, कट

आरपीएम काढायला कटिंग स्पीडला ३१८ ने गुणा आणि व्यासाने भागा. एचएसएसने एमएस कापायला मिनिटाला ३० मीटर धरले तर २५ मिमी जॉबला सुमारे ३८० आरपीएम. कार्बाइडला मिनिटाला १०० मीटर तरी हवे, म्हणजे त्याच जॉबला १२७० आरपीएम. जुन्या कोन पुलीच्या लेथवर इतका स्पीड बऱ्याचदा नसतोच. मधल्या स्पीडला कार्बाइड चालवले की एमएस टोकाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि पृष्ठभाग फाटतो. म्हणून लहान व्यासाला जुन्या लेथवर एचएसएसच बरे, यात कमीपणा नाही. एचएसएसवर चिप निळी यायला लागली तर स्पीड उतरवा.

टूलने सोडलेल्या रेघेची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची (टूलच्या टोकाच्या गोलाईची) आठपट. ०.४ मिमी रेडियसवर फीड ०.२ असेल तर उंची १२.५ मायक्रॉन, फीड ०.१ केला की ३ मायक्रॉनच्या आसपास. फीड निम्मा, रेघ पावपट. आरए (खरखरीतपणाचे सरासरी माप) साधारण या उंचीच्या पावपट येतो, म्हणजे दुसऱ्या उदाहरणात ०.८ मायक्रॉन. ड्रॉइंगवर तीन त्रिकोण असतील तर १.६ मायक्रॉनच्या आत यायचे असते, तेव्हा हे पुरेसे आहे.

पण फीड हवा तितका बारीक करत जाऊ नका. ०.०३ मिमीच्या खाली टूल कापण्याऐवजी घासू लागते. रेडियस वाढवूनही सुटत नाही: मोठ्या गोलाईने रेघ कमी होते, पण टूल जॉबला जास्त ढकलते आणि सैल मशीनवर चॅटर सुरू होते. जुन्या लेथवर ०.४ ते ०.८ यातच राहा.

चॅटर आले की नवशिक्याचा हात फीड कमी करायला जातो. उलट करा: स्पीड कमी करा आणि फीड थोडा वाढवा.

एमएसवर शेवटचा कट घेताना गंधकयुक्त कटिंग ऑइल ब्रशने लावा. सोल्युबल ऑइलपेक्षा फिनिशला ते चांगले. सोल्युबल वापरायचेच तर २० भाग पाण्यात १ भाग ऑइल, आणि ऑइल पाण्यात ओता, पाणी ऑइलमध्ये नाही. उलट केले की मिश्रण फुटते.

५. जॉबची पकड

चकाबाहेर व्यासाच्या तिप्पट लांबीपर्यंत जॉब मोकळा चालतो. त्यापुढे टेलस्टॉकचा, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडच्या ठोकळ्याचा, आधार द्या. आधार देऊनही टेलस्टॉकच्या बाजूलाच फिनिश खराब येत असेल तर रिव्हॉल्व्हिंग सेंटरचे (जॉबबरोबर फिरणाऱ्या आधाराच्या टोकाचे) बेअरिंग बघा. साधे डेड सेंटर ग्रीस लावून, कमी स्पीडला लावून पाहा. खुणा गेल्या तर दोषी सापडला. टेलस्टॉकचे क्विल (सेंटर धरणारी, पुढे-मागे सरकणारी नळी) गरजेपुरतेच बाहेर काढा आणि लॉक करा.

चकाचे जॉ (जबडे) पुढून रुंदावलेले, म्हणजे घंटेसारखे झालेले असतील तर जॉब फक्त मागच्या काठावर धरला जातो आणि डुलतो. जॉबभोवती पातळ कागद गुंडाळून जॉ आवळा, मग काढून ठसे पाहा. ठसे पूर्ण लांबीचे नसतील तर जॉ ग्राइंड करून घ्या. चक उतरवलाच आहे तर स्पिंडलचे आटे आणि फेस पुसून घ्या. तिथे अडकलेली एक चिप पूर्ण चक तिरका बसवते.

६. स्लाइड आणि जिब

टूलपोस्टवर डायल लावा, टूलपोस्ट हाताने पुढे-मागे, वर-खाली दाबा. काटा ०.०२-०.०३ मिमी हलून परत जागेवर आला तर ठीक. हलला आणि परत आला नाही, तर जिब ढिली आहे.

सरळ पट्टीच्या जिबला स्क्रूंची रांग आणि लॉक नट असतात. आधी स्लाइड साफ करून ऑइल द्या. प्रत्येक स्क्रू हँडल जड लागेपर्यंत आवळा, मग एक अष्टमांश फेरा मागे घ्या. लॉक नट आवळताना स्क्रू एलन कीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो. टेपर जिबला दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो: एक ढिला केल्याशिवाय दुसरा आवळू नका. जिब ॲडजस्ट करायची ती स्लाइड सगळ्यात जास्त जिथे चालते तिथे. टोकाला ती जड होईल. ती जास्त वापराच्या जागेची झीज आहे, जिबची चूक नाही.

इथला ठरलेला सापळा म्हणजे क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडच्या) स्क्रूचा बॅकलॅश. हँडल पाव फेरा रिकामे फिरते म्हणून लोक नट बदलतात. साध्या टर्निंगला टूलवरचा दाब स्क्रूला एकाच बाजूला टेकवून ठेवतो, त्यामुळे त्या ढिलाईने फिनिश बिघडत नाही. मापाला नेहमी एकाच दिशेने या, एवढे पुरे.

कंपाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची, कोनात फिरवता येणारी छोटी स्लाइड) हा जुन्या लेथचा सगळ्यात कमजोर दुवा. टेपर करायचा नसेल तेव्हा तिची जिब कसून आवळा आणि स्लाइड तिच्या बैठकीबाहेर लोंबू देऊ नका. नेहमी सरळ टर्निंगच करत असाल तर ती काढून त्या जागी बिडाचा किंवा स्टीलचा भरीव ठोकळा बसवा. पार्टिंग करताना फरक लगेच कळेल.

सॅडलच्या मागच्या बाजूला बेडखाली एक पट्टी असते, तिच्यामुळे सॅडल वर उचलत नाही. तिच्या फटीत ०.०५ मिमीचा फीलर जाऊ नये. फेसिंगला सॅडल लॉक करायला विसरू नका. सॅडलचे फेल्ट वायपर कडक झाले असतील तर बदला आणि बेडवर ६८ ग्रेडचे स्लाइडवे ऑइल रोज द्या. कोरड्या बेडवर सॅडल अडखळत, धक्क्याने सरकतो आणि तो धक्का जॉबवर दिसतो.

७. पट्टा, मोटर, गिअर आणि पाया

आधी मशीन चारही पायांवर टेकले आहे का पाहा. बोल्ट सैल करून प्रत्येक पायाखाली फीलर घाला. एक पाय अधांतरी असेल तर पत्र्याची पॅकिंग घाला, मग आवळा.

लाटा राहिल्याच तर मोजा. जॉबच्या एका फेऱ्यात किती लाटा आहेत ते मार्करची रेघ मारून मोजा, मग स्पीड बदलून पुन्हा कट घ्या आणि पुन्हा मोजा.

- लाटांची संख्या स्पीड बदलूनही तीच राहिली: गिअर. ती संख्या हेडस्टॉकच्या शेवटच्या गिअरच्या दात्यांशी जुळते का पाहा. कोन पुलीच्या लेथवर बॅक गिअर (स्पीड उतरवणारी गिअरची जोडी) न लावता, थेट पट्ट्यावर चालवा. फिनिश सुधारले तर शंका मिटली.
- स्पीड निम्मा केल्यावर लाटा दुप्पट झाल्या: कंपनाचा वेग ठरलेला आहे. १४४० आरपीएमची मोटर सेकंदाला २४ फेरे घेते. स्पिंडल ३६० ला असेल तर मोटरच्या असंतुलनाने फेऱ्याला ४ लाटा येतात, १८० ला ८.
- ३६० ला सुमारे १७ लाटा आल्या: मोटर सिंगल फेज असेल तर तिच्यावर संशय घ्या. ५० हर्ट्झच्या सप्लायवर तिचा टॉर्क सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड बदलणारे उपकरण) बसवणे हा यावरचा खरा उपाय, शिवाय स्पीड हवा तसा बदलता येतो.

लाटांचे प्रमाण मोटरशी जुळत नसेल आणि कट किंवा फीड बदलताच त्या जात असतील तर ते चॅटरच आहे, पायरी ३ ते ६ पुन्हा करा.

चपट्या पट्ट्याला क्लिपचा जोड असेल तर तो पुलीवरून जाताना दर वेळी ठोका बसतो. चिकटवलेला किंवा शिवलेला जोड घ्या. व्ही बेल्ट तीन असतील तर तीनही एकदम, एकाच सेटचे बदला.

८. स्पिंडल, आणि तेही सावकाश

मशीनची मेन स्विच बंद करा. डायल चकावर नाही, स्पिंडलच्या नाकाच्या ग्राइंड केलेल्या जागी लावा आणि हाताने फिरवा, ०.०१ मिमीच्या आत हवे. मग चकात अर्धा मीटरचा मजबूत लाकडी दांडा धरून वर उचला. रोलर बेअरिंगच्या स्पिंडलला काटा जवळजवळ हलू नये. गनमेटल किंवा व्हाइट मेटलच्या साध्या बेअरिंगला ऑइलच्या थरासाठी ०.०२५ ते ०.०५ मिमी लागतेच. ती ढिलाई समजून आवळलीत तर बेअरिंग जळेल.

रोलर बेअरिंगला ढिलाई आढळली तर मागचा लॉक नट सोडून ॲडजस्टिंग नट एक सोळांश फेरा आवळा, लॉक करा, मधल्या स्पीडला अर्धा तास चालवा. बेअरिंगच्या घरावर हात ठेवता आला पाहिजे. हात भाजत असेल तर लगेच मागे घ्या. ढिलाई नसूनही फिरवताना खरखर लागत असेल तरच बेअरिंग बदलायचा विचार करा, आणि तेव्हा मूळच्याच प्रिसिजन ग्रेडचे घ्या. साध्या ग्रेडचे बसते, पण फिनिश परत येत नाही.

उरली बेडची झीज. चकाजवळचा भाग सर्वात जास्त झिजतो. तिच्यामुळे मुख्यतः मापात फरक आणि टेपर येतो. फिनिश बिघडते ते सॅडल तिथे डुलतो म्हणून. बेड ग्राइंड करायला देण्याआधी ग्राइंडरवाल्याला किती मटेरियल निघेल ते विचारा. बेड जितका खाली जाईल तितका सॅडल आणि एप्रनही (सॅडलच्या पुढची गिअरपेटी) खाली येतो, आणि लीड स्क्रू व फीड रॉड एका रेषेत राहत नाहीत. तितक्या जाडीची टर्साइटची (कमी घर्षणाच्या प्लॅस्टिकची) पट्टी सॅडलखाली चिकटवून स्क्रेपिंग करून घ्यायचे, हे काम त्याच बोलण्यात ठरवा.